लंडनला कालव्याकाठी डबे शोधायला जाताय? आधी कमाटीबागेत प्रॅक्टिस करा

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या गल्लीत ज्या घरातलं कोणीच फॉरेनला नाही असं घर शोधावं लागेल, त्यामुळे दर एप्रिल-मेमध्ये कोणी ना कोणी लेकीकडे नाहीतर लेकाकडे लंडनला निघालेलं असतंच. थेपले, भाजणी, गोडा मसाला सगळं वजन करकरून बॅगेत भरतात पण मुलं ऑफिसात गेली की सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा तिथं करायचं काय हे कोणी ठरवून जात नाही. मीही अशीच गेले होते. चौथ्या दिवशी खिडकीतून पाऊस बघून बघून कंटाळा आला तेव्हा नातीनं मला रीजंट्स कनाल नावाच्या कालव्याकाठी जिओकॅशिंगला लावलं, आणि आता परत आल्यापासून गल्लीतलं जो कोणी व्हिसाचे कागद घेऊन दिसेल त्याला मी धरून शिकवते. दरवेळी तेच तेच बोलण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते.

खेळ असा. कोणीतरी एक डबा कुठंतरी लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंगच्या वेबसाइटवर टाकतो, आपण मोबाइल घेऊन तिथं जायचं, डबा शोधायचा, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथंच होता तसाच ठेवायचा. ह्या डब्याला म्हणतात कॅश. आमच्या ह्यांचा पहिला प्रश्न, "मग मिळतं काय?" काही मिळत नाही. हो पण पाय चालतात, आणि ज्या पुलाखालून माणूस एरवी मोबाइल बघत निघून जाईल तो पूल बोटांनी चाचपून बघितला जातो.

हे सुरू कसं झालं तेही सांगते कारण त्यात खेळाचा सगळा जीव आहे. मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार साध्या लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालून ठेवायचं, शंभरेक मीटरपर्यंतची. २ मे २००० ला ती चूक बंद केली, आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं एक बादली अर्धवट पुरून ठेवली, आत लॉगबुक, थोड्या वस्तू आणि बीन्सचा एक डबा, आणि आकडे इंटरनेटवर टाकले. तीन दिवसांत लोक तिथं पोचले. (आता पुरायला बंदी आहे आणि खाण्याचं ठेवायलाही बंदी आहे, म्हणजे पहिला डबा आजच्या नियमात बसलाच नसता.) त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वेबसाइट आली.

तर चूक गेली तरी थोडी राहिलीच. उघड्या आकाशाखाली चांगला फोन पाचेक मीटरपर्यंत नेतो, झाडाखाली किंवा उंच बिल्डिंगजवळ दहा-पंधरा. म्हणजे फोन तुम्हाला दहा पावलांवर आणून सोडतो आणि शेवटची दहा पावलं तुमची तुम्हाला चालायची असतात. नव्या माणसाचं सगळं घोडं इथंच अडतं. तो स्क्रीनवरच्या बाणाकडे बघत गोल गोल फिरत राहतो, भोवऱ्यासारखा. दहा मीटर राहिले की फोन खिशात टाकायचा आणि डोळे वर करायचे, बाकी सगळं ह्याच्यानंतरचं.

बडोद्यातच आधी काय करायचं

ॲप घ्या, खातं फुकट उघडतं. नाव मराठीत नको, छोटं ठेवा, कारण तिथं करंगळीच्या नखाएवढ्या कागदावर लिहायचं असतं. मी सुरुवातीला पूर्ण नाव आडनावासकट घेतलं होतं, एका कागदावर तर ते मावेच ना. फुकट खात्यात सगळे डबे दिसत नाहीत, काही प्रीमियमवाल्यांसाठीच असतात. दिसतात तेवढे पहिल्या ट्रिपला पुष्कळ होतात, पैसे भरायची घाई करू नका.

मग आकडे वाचायला शिका. हे कंटाळवाणं आहे पण इथं चुकलात तर बाकीचं सगळं वाया. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं असं लिहितात, म्हणजे बडोदं साधारण उत्तर २२° १८.४', पूर्व ७३° १०.९'. मिनिटाच्या पुढं तीन आकडे असतात. त्यातला शेवटचा आकडा एकानं बदलला तर उत्तर-दक्षिण १.८५ मीटर सरकतं, जगात कुठंही. पूर्व-पश्चिम मात्र जागेप्रमाणे बदलतं, बडोद्यात एका आकड्याला १.७ मीटर आणि लंडनमध्ये १.१५, कारण रेखांश ध्रुवाकडे जाताना जवळ जवळ येतात. शाळेत भूगोलाच्या बाईंनी संत्र्याच्या फोडी दाखवून सांगितलं होतं ते हेच.

दोन सापळे. एक, गूगल मॅपवर अंश दशांशात असतात, मिनिटं नसतात. ५१° ३१.३००' हे तुम्ही घाईत ५१.३१३०० असं टाकलंत तर थेट २३ किलोमीटर दक्षिणेला जाल. दुसरा सापळा आपल्या लोकांचा खास. आपल्याला आयुष्यभर पूर्वेची सवय, आणि लंडनचा तो कालवा सगळाच्या सगळा ग्रीनिचच्या पश्चिमेला आहे. मी पहिल्या दिवशी ०° ११' च्या पुढं पश्चिमेच्या डब्ल्यूऐवजी ई टाकलं, फोन म्हणाला २५ किलोमीटर, आणि मी जावयाला फोन करून विचारलं की बाबा हा कालवा नक्की लंडनातच आहे ना.

आता प्रॅक्टिस. खरा डबा शोधायच्या आधी एक खोटा लपवून बघा, लपवणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं ते कळतं. सोसायटीच्या कंपाउंडमध्ये प्लास्टिकची छोटी पारदर्शक डबी घ्या, आत वही, नातवंडांना आकडे द्या. सार्वजनिक जागी डबा ठेवू नका, आपल्याकडे स्टेशन, देऊळ, बाग कुठंही बेवारस वस्तू दिसली की पोलीस बोलावतात आणि बरोबरच करतात. कमाटीबागेत म्हणून डबा नको, प्रश्न ठेवा. बाग १८७९ ची, आतली म्युझियमची इमारत १८९४ ची. वजाबाकी १५. हे १५ सोसायटीतल्या डब्याच्या उत्तरेच्या शेवटच्या तीन आकड्यांतून तुम्ही आधीच वजा करून ठेवलेले, मुलांनी ते परत मिळवायचे, म्हणजे डबा २८ मीटर उत्तरेला सरकतो आणि बरोबर जागेवर येतो. ह्याला मल्टी-कॅश म्हणतात, एका ठिकाणचं उत्तर दुसऱ्या ठिकाणी नेतं. कीर्तिमंदिर १९३६, खंडेराव मार्केट १९०६, सालं पाठ असलेले म्हातारे आपल्याकडे कमी नाहीत, त्यांना कामाला लावा.

विश्वामित्रीच्या काठी मात्र अजिबात नाही. ह्या खेळात, खेळ माहीत नसलेल्या येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाला मगल म्हणतात, आणि त्यांच्या नजरेत न येता डबा काढायचा असतो. बडोद्यात मगलची भीती नाही, मगरीची आहे. गावाच्या मधोमध नदीत मगरी असलेलं आपलं गाव, पुरात त्या रस्त्यावर येतात हे २०१९ ला आणि २०२४ ला सगळ्यांनी व्हिडिओत बघितलंय. आणि कोणी विचारतं की मग नर्मदेच्या मुख्य कॅनॉलवर करू का, लांबच लांब आहे, गुजरातेतच ४५८ किलोमीटर. तेही नको. त्याचे काठ सिमेंटचे, उतरते, पाणी जोरात, पाय घसरला तर धरायला काही नाही. तो शेताला पाणी न्यायला बांधलाय, फिरायला नाही. लंडनचा कालवा वेगळा प्रकार आहे, पाणी जवळजवळ थांबलेलं आणि बाजूनं वाट मुद्दाम चालण्यासाठीच, माणसाच्या नाही, घोड्याच्या.

कालवा कोणता आणि का

रीजंट्स कनाल. लांबी १३.८ किलोमीटर, पश्चिमेला लिटल व्हेनिसपासून पूर्वेला लाइमहाउसपर्यंत जिथं तो थेम्सला मिळतो. कँडनपर्यंतचा भाग १८१६ ला सुरू झाला आणि सगळा १ ऑगस्ट १८२० ला. म्हणजे आपल्याकडे पेशवाई जाऊन दोन वर्षं झाली तेव्हा तिकडे कोळसा, लाकूड, विटा बोटीतून जायला लागल्या. बोटीला इंजिन नव्हतं, काठावरून घोडा दोरानं ओढायचा आणि तो ज्या वाटेनं चालायचा तिला टोपाथ म्हणतात, आज आपण चालतो ती तीच.

हा इतिहास मी हौसेनं सांगत नाहीये, डबा शोधायला तो लागतो. लपवणारा माणूस कालव्याचा शौकीन असतो, तो डबा कुठंही ठेवत नाही, कालव्याच्या जुन्या कामाच्या वस्तूंच्या आसपास ठेवतो: दोर बांधायचा खांब, पुलाचं लोखंड, लॉकच्या (बोट वर-खाली करायच्या दारांच्या कप्प्याच्या) बाजूची भिंत, नंबराची पाटी. त्यामुळे काय कशासाठी होतं हे कळलं की शेवटच्या दहा पावलांत कुठं बघायचं ते आपोआप सुचतं. मी पहिले दोन दिवस झुडपांत हात घालत बसले आणि दोन्ही दिवस रिकाम्या हातानं घरी. तिसऱ्या दिवशी नात म्हणाली, आजी, झुडूप तर दर वर्षी कापतात, त्यात कोण ठेवेल? शहाणी आहे.

आदल्या रात्री

घरच्या वायफायवर त्या पट्ट्यातल्या चार-पाच डब्यांची पानं उघडा. प्रत्येकावर दोन मार्क असतात, अवघडपणा आणि वाट, दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्यानं. पहिल्या दिवशी दोन्ही दीडच्या आतले घ्या. वाटेचा ५ म्हणजे दोरखंड नाहीतर होडी लागणार, तो आपला विषय नाही. साइज बघा: शहरातल्या कालव्यावर बहुतेक मायक्रो असतात, जुन्या फिल्मच्या डबीएवढे किंवा त्याहून लहान, आणि बऱ्याचदा मागं लोहचुंबक. नॅनो म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. मग शेवटचे लॉग वाचा, लोकांनी काय लिहिलंय ते. लागोपाठ तीन-चार जणांना मिळाला नसेल तर तो बहुधा गेलाय, सोडून द्या. हे एवढं बघितलं तर निम्मा मनस्ताप वाचतो, मी सांगते.

हिंट असते पण वेबसाइटवर ती उलटसुलट अक्षरांत लिहिलेली असते, इंग्रजी एच्या जागी एन, बीच्या जागी ओ असं तेरा-तेरा अक्षरं पुढं, बटण दाबलं की सुलटते. आधी न बघता शोधा असं खरे खेळाडू म्हणतात. मी आधीच बघते. साठीनंतर असल्या बाबतीत मान-अपमान ठेवायचा नसतो.

सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, मॅपसकट. खूप जणांना माहीत नसतं की जीपीएसला इंटरनेट लागत नाही, ते उपग्रहावरून चालतं, नेट लागतं ते नकाशाचं चित्र आणायला. नकाशा आधीच उतरवून ठेवला तर बडोद्याचं सिम बंद असलं तरी ठिपका हलतो.

पिशवीत: दोन पेनं (एक पावसात बंद पडतंच), भुवयांचा छोटा चिमटा, कारण नॅनोतला गुंडाळलेला कागद बोटांनी निघत नाही, पॉवर बँक, हातमोजे, छोटा टॉर्च, सॅनिटायझर, वाटेतला कचरा उचलायला एक पिशवी, आणि थेपले. छत्री नको, टोपीचं जॅकेट, टोपाथ अरुंद असतो आणि छत्रीनं सायकलवाल्यांना त्रास होतो. बदल्यात ठेवायला छोट्या वस्तू न्यायच्या असतील तर संखेड्याच्या लाखेच्या रंगाच्या लहानशा लाकडी वस्तू झकास, पण त्या मोठ्या डब्यातच मावतात. नियम साधा, आतलं काही उचललंत तर तेवढ्याच मोलाचं काही ठेवा. नंबर कोरलेला धातूचा बिल्ला दिसला तर तो ट्रॅव्हल बग, तो ज्यानं प्रवासाला सोडला त्याच्या मालकीचा, उचलायचा तर पुढच्या डब्यात सोडायचा. आठवण म्हणून बडोद्याला आणून शोकेसमध्ये लावायचा नाही, आमच्या एका शेजाऱ्यांनी तेच केलंय आणि त्यांना अजून कळत नाही की चुकलं काय.

पहिला दिवस, लिटल व्हेनिस ते कँडन

साधारण ४ किलोमीटर. ट्यूबनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, वॉरिक अव्हेन्यूला उतरा, बेकरलू लाइन. नऊनंतर निघा, त्याच्या आधी टोपाथवर ऑफिसला जाणारे सायकलवाले असे सुसाट येतात की आपल्या रावपुऱ्यातले स्कूटरवाले सज्जन वाटतील. डाव्या अंगाला राहा, घंटी ऐकली की थांबा, आणि अचानक वळून "अगं हे बघ" असं करू नका.

सुरुवातीलाच एक गोंधळ होतो. वॉरिक अव्हेन्यूनंतर थोडा टोपाथ तिथं राहणाऱ्या बोटवाल्यांचा खाजगी आहे, फाटक असतं, आपण वरच्या ब्लॉमफील्ड रोडनं जायचं. मग कालवा मैडा हिल बोगद्यात शिरतो, २४९ मीटर, आणि आत टोपाथच नाही. घोडा तेव्हाही वरून न्यायचे, आपणही वरून जायचं, लिसन ग्रोव्हच्या आसपास परत खाली. बोगद्याजवळ फोनचा ठिपका उड्या मारतो, तिथं डबा शोधायचा प्रयत्न करत बसू नका, उघड्यावर येऊन फोन हवेत इंग्रजी आठासारखा दोन-तीनदा फिरवा, होकायंत्र ताळ्यावर येतं. आजूबाजूचे लोक बघतात. बघू देत.

पुढं रीजंट्स पार्कच्या कडेनं जाताना एक पूल येतो, नाव मॅकल्सफील्ड ब्रिज पण लोक त्याला ब्लो-अप ब्रिज म्हणतात. २ ऑक्टोबर १८७४ ला पहाटे टिलबरी नावाची बोट दारूगोळा घेऊन चालली होती ती बरोबर ह्या पुलाखाली उडाली, बोटीवरचे तिघं गेले, पूल कोसळला. परत बांधला तेव्हा जुनेच लोखंडी खांब वापरले. आता ह्या खांबांजवळ जाऊन हात लावा. टोपाथच्या बाजूनं आडव्या खोल चरा आहेत, एक एक बोट रुतेल एवढ्या, दोराच्या. ओला दोर, त्यात माती-वाळू, वर्षानुवर्षं घासून लोखंड कापलं गेलं. विहिरीच्या कठड्यावर दोरानं पडलेल्या खाचा आपण बघितल्यात, तेच, पण इथं दगड नाही, लोखंड. आणि मग खांबाच्या मागच्या बाजूला जा. तिकडेही चरा. नवा पूल बांधताना खांब फिरवून लावले म्हणजे गुळगुळीत बाजू दोराकडे आली, आणि दोरानं तीही कापली. मी त्या पुलाखाली डब्याचं नाव विसरून पाऊण तास होते. त्या दिवशी डबा काही मिळाला नाही, लॉगमध्ये "मिळाला नाही" असं लिहिलं. ते लिहायचंच असतं, लाजायचं नाही, त्यावरूनच डबा ठेवणाऱ्याला कळतं की जाऊन बघायला हवं.

ह्या पट्ट्यात, झू ओलांडून कँडनकडे येताना, पाण्यातून वर येणारा एखादा दगडी उतार दिसेल, काठाला चिरल्यासारखा. ते घोड्यांसाठी. बाजूला रेल्वे आल्यावर तिच्या आवाजानं घोडे बुजून कालव्यात पडायचे, त्यांना चालवत बाहेर काढायला हे रॅम्प केले. बघा पण उतरू नका, शेवाळ असतं.

काठाची गोष्ट इथं सांगून टाकते कारण माझा सगळ्यात मोठा वेळ ह्यात गेला. टोपाथ बहुधा एकाच काठाला असतो. बाण दाखवतो १५ मीटर आणि ते पंधरा मीटर पाण्यावरून असतात, पलीकडं जायला पूल अर्धा किलोमीटर मागं राहिलेला. निघतानाच प्रत्येक डब्यापुढं लिहून ठेवा, हा काठ की तो काठ. आणि पाण्याकडे वाकून, लॉकच्या दारावर चढून, बोटीला हात लावून काहीही शोधायचं नाही. बोटी म्हणजे लोकांची घरं आहेत, आपल्या ओट्यावर कोणी अनोळखी येऊन कुंड्या उचलून बघायला लागला तर कसं वाटेल? डबा तिथं नसतोच. हात पाण्यात गेलाच तर खाण्याआधी नीट धुवा, उंदरांमुळे लेप्टोचा धोका तिकडेही आहे, पावसाळ्यात आपल्याकडे असतो तोच.

कँडनला हॅम्पस्टेड रोड लॉक. लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट: बोट आत, मागचं दार बंद, पाणी सोडलं की बोट खाली, पुढचं दार उघड. कोणी बोटवाला दार ढकलत असेल तर उभं राहून सगळं बघा, वीसेक मिनिटं जातात आणि काही चुकत नाही. मग बाजारात गर्दी, मगलच मगल, तिथं डबे काढायच्या भानगडीत पडू नका, थेपले खा आणि घरी या.

डबा हातात येतो तेव्हा

हे नीट वाचा, कारण शोधण्यापेक्षा ठेवण्यात लोक जास्त चुकतात. दहा मीटरवर थांबलात, फोन आत गेला. आता विचारा: मी लपवणार असते तर कुठं? नजरेच्या खाली, जिथं जाता जाता हात सहज पोचेल आणि बुटाची नाडी बांधतोय असं दाखवता येईल. रेलिंगच्या खालच्या बाजूला बोट फिरवा. जे दिसतं त्यापेक्षा जे जास्तीचं आहे ते शोधा: चार स्क्रू आहेत आणि पाचवा कशाला? एका पाटीमागं दोन वायर आणि दुसऱ्या पाटीमागं नाही? विटांत एक वीट थोडी सैल? पण काही उचकटायचं नाही, खणायचं नाही, जोर लावावा लागत असेल तर तो डबा नाही. विजेचा बॉक्स कधीही उघडायचा नाही.

कोणी येत असेल तर थांबा, पाण्यातल्या बदकांकडे बघा. साठीच्या साडीवाल्या बाईकडे कोणी संशयानं बघत नाही, हा आपला मोठा फायदा आहे. कोणी पोलीस किंवा राहणाऱ्यानं विचारलं तर सरळ खरं सांगा आणि ॲप दाखवा, बहुतेकांना माहीत असतं.

उघडायच्या आधी डबा कसा होता त्याचा फोटो, कुठल्या बाजूला तोंड, वर पान होतं का दगड. कागदावर तारीख आणि नाव, रिकाम्या पहिल्या ओळीत, दोन ओळी अडवून नाही. कागद घट्ट गुंडाळा, चिमट्यानं आत ढकला, झाकणाच्या रिंगमध्ये वाळूचा कण राहिला तर पावसात सगळा लगदा होतो. मग परत जागच्या जागी, "मी अजून छान लपवते" असं नाही. संध्याकाळी ॲपवर दोन ओळी लिहा पण जागा फोडू नका आणि फोटोत डबा दाखवू नका.

पुढचे दिवस

कँडन ते एंजल हा दुसरा दिवस, पहिल्यापेक्षा थोडा कमी. मध्ये किंग्ज क्रॉसला कालव्याकाठी पायऱ्यांवर बसायला जागा, आणि स्टेशनातलं टॉयलेट फुकट, आपल्या वयात ही माहिती कुठल्याही अक्षांश-रेखांशापेक्षा महत्त्वाची. पुढं कनाल म्युझियम आहे, कार्लो गाटी नावाच्या आइस्क्रीमवाल्याचं जुनं बर्फाचं गोदाम, १८६० च्या दशकातलं. नॉर्वेहून बर्फ जहाजानं यायचा, तिथून कालव्यानं बोटीतून इथं, आणि खाली खोल विहिरींत साठवायचे. त्याच्यानंतर इस्लिंग्टन बोगदा, ८७८ मीटर, इथंही आत टोपाथ नाही. बोटवाले फळीवर आडवे पडून भिंतीला पाय लावून चालत चालत बोट ढकलायचे, लेगिंग म्हणायचे त्याला, आणि घोडा वरून एकटा डुलत जायचा. आपण घोड्याच्या वाटेनं, चॅपल मार्केटमधून, फुटपाथवरच्या खुणा बघत. भाजी घ्यायची असेल तर तिथंच घ्या.

एंजल ते लाइमहाउस साताठ किलोमीटर आहे, दोन दिवसांत तोडा. शेवटी बेसिन, म्हणजे बोटी लावायचा तलाव येतो, नावा उभ्या, आणि परत यायला डीएलआरची (डॉकलँड्स लाइट रेल्वे) गाडी. डब्यांची नावं आणि कोड मी मुद्दामच देत नाही, ते येतात-जातात, आणि आयतं सांगितलं तर काय मजा. उजेडाचं बघा: जूनमध्ये रात्री नऊपर्यंत लख्ख असतं, डिसेंबरमध्ये चारला अंधार. अंधारात एकटीनं टोपाथ नको.

आणि जोशात येऊन तिथं स्वतःचा डबा ठेवून येऊ नका. कालवा आणि टोपाथ २०१२ पासून कनाल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहे, जागेच्या मालकाची परवानगी लागते, दुसऱ्याच्या डब्यापासून १६१ मीटर लांब हवा, वेबसाइटचे स्वयंसेवक तपासून मग पास करतात, आणि ओला झाला, फुटला की दुरुस्त करायला तुम्हीच जायचं. बडोद्याहून कोण जाणार? त्यापेक्षा आपल्या सोसायटीत घरगुती ठेवा, पदाधिकाऱ्यांना विचारून, वर "खेळाचा डबा, उघडून बघा" असं मराठी-गुजराती दोन्हींत लिहून. आमचा जिन्याखाली पाण्याच्या मीटरच्या बाजूला आहे. मुलांना मी आकडे रविवारी दिले, आणि ती नाचत पोचली तेव्हा वहीत पहिली सही आधीच झालेली होती, वॉचमनकाकांची, शनिवारची, वेळेसकट: रात्री २.१०. जूनच्या पहिल्या आठवड्यात डबा मी आत घेते, पाणी जिन्यापर्यंत येतं.